टर्बाइन हॉलचा कानसेन

त्याला कानसेन म्हणत. हे नाव आईबापांनी ठेवलेलं नव्हतं, टर्बाइन हॉलने ठेवलं होतं, आणि म्हणूनच ते त्याला जास्त आपलं वाटे. आईबापांनी ठेवलेलं नाव नुसतं हाक मारायला होतं. हे नाव कमावलेलं होतं.

कोळशाच्या वीजकेंद्रात टर्बाइन हॉल ही सगळ्यांत मानाची जागा. छत इतकं उंच की वर बघणाऱ्याची टोपी मागे पडावी. तेलाने चमकणारी फरशी, आणि तिच्यावर ओळीने बसलेली यंत्रं, प्रचंड जनावरं आडवी पडून झोपेत घोरावीत तशी. त्या घोरण्यात शेजारच्या माणसाशी बोलायच्या भानगडीत कोणी पडत नसे. तिथली भाषा हातांची, भुवयांची आणि ओठांची होती. हॉलमधला कुठलाही माणूस दुसऱ्याचे ओठ दहा पावलांवरून वाचत असे. घरी गेल्यावरही त्यांची नजर समोरच्याच्या डोळ्यांवर न राहता तोंडावर यायची. नव्या नवऱ्या लाजायच्या. पुढे त्यांना कारण कळायचं आणि लाज आपोआप जायची.

कानसेनकडे एक पोलादी सळई होती. बोटाएवढी जाड, हातभर लांब, वापरून वापरून आरशासारखी झालेली. तिचं एक टोक तो यंत्राच्या बेअरिंगवर टेकवी, दुसरं कानाला लावी आणि डोळे मिटून उभा राही. सगळा हॉल त्याच्या चेहऱ्याकडे बघत राही. मग तो डोळे उघडून ओठ हलवी, "कोरडं पडलंय. आठवडा काढेल." आठवडाभराने बेअरिंग जायचं. तेव्हा तो कोणाकडे बघायचा नाही. बघायची गरज नाही हे सगळ्यांना दिसावं, म्हणून बघायचा नाही.

ज्या हॉलने त्याला नाव दिलं त्याच हॉलने त्याचे कान खाल्ले. आधी पाखरं गेली. मग घड्याळाची टिकटिक, मग दाराची कडी, मग पाऊस. माणसांचे आवाज राहिले, पण गादीखाली दाबल्यासारखे, आणि शेवटी तेही गेले. एका सकाळी त्याने सळई बेअरिंगवर टेकवली, कानाला लावली, आणि त्याला काहीच आलं नाही. हॉल त्याच्याकडे बघत होता. त्याने सळईचं टोक शांतपणे दाढेखाली धरलं. थरथर दातांतून हाडात आली, हाडातून डोक्यात आली, आणि त्याने ओठ हलवले, "ठीक आहे." पुढे हॉलमधली नवी पोरं सळई दाढेखालीच धरू लागली. त्यांना वाटलं, कानसेनने नवी रीत काढली.

बहिरं होणं हा तिथे आजार नव्हता, ती बदनामी होती. वर्षातून एकदा कानांची तपासणी व्हायची. जो नापास होई त्याला हॉलमधून काढून राखेवर धाडत. राखेवर म्हणजे जळलेल्या कोळशाची राख जिथे नळांतून ओतली जाई त्या तळ्यावर, गुडघाभर करड्या चिखलात. टर्बाइनचा भत्ता जाई तो जाईच, पण माणूस डब्याच्या वेळी वेगळा बसू लागे. त्याला कोणी उठवलेलं नसे, तरी तो उठून गेलेला असे.

म्हणून हॉलने यावर तोड काढली होती. तपासणीची केबिन लाकडी होती, तिची जमीनही लाकडी. आत एकजण कानांवर डबे लावून बसे, डब्यात आवाज आला की त्याने हात वर करायचा, आणि आधीचा किंवा पुढचा नंबर असलेला माणूस काहीतरी निमित्ताने डॉक्टरच्या खांद्याशी उभा राही. डॉक्टरने बटण दाबलं की हा टाच हलकेच आपटे. आपटणं लाकडातून बसलेल्याच्या तळपायाला कळे, आणि त्याचा हात वर होई. कानसेनसाठी टाच आपटणारा माणूस ठरलेला होता. त्याला ढोल्या म्हणत. तो वाफेच्या झडपांवर काम करी आणि त्याची टाच वजनदार होती. ढोल्याच्या वेळी कानसेन टाच आपटे. दोघंही दरवर्षी पहिल्या वर्गात पास होत, आणि दोघंही एकमेकांना त्याबद्दल चिडवत.

"यंदा तुझा उजवा जरा कमी वाटला," ढोल्या ओठ हलवी.

"तुझी टाच म्हातारी झालीय," कानसेन म्हणे.

घरी मात्र बायकोला कळलं होतं. तिने कधी विचारलं नाही. एकदा तो खिडकीशी पाठमोरा बसून नखं काढत होता. ती मागून "अहो" म्हणाली. मग मोठ्याने "अहो" म्हणाली. मग जे म्हणाली ते कोणतीही बाई नवऱ्याला तोंडावर म्हणत नाही, आणि तो नखं काढत राहिला. त्या दिवसापासून तिने बोलण्याची वाटणी केली. कामाचं असेल ते त्याच्या समोर येऊन, तोंड स्पष्ट उघडून. मनातलं असेल ते त्याच्या पाठीशी.

कानसेनला हे ठाऊक होतं. दाढीच्या आरशात त्याने तिला पाहिलं होतं. तो फेस लावत होता, आणि मागे ती चादर झटकत त्याच्या पाठीला काहीतरी सांगत होती, हळूहळू, थांबत थांबत, एखाद्या जवळच्या माणसाला सांगावं तसं. ओठ त्याला सहज वाचता आले असते. त्याने एक शब्द वाचला, "एकटी", आणि नजर काढून घेतली. दुसऱ्या दिवशी त्याने आरसा दुसऱ्या भिंतीला टांगला, जिथून नुसती कपाटाची बाजू दिसत असे.

आणि त्याच्याजवळ एक "हं" होतं. हे "हं" त्याने सळईसारखंच घासून घासून गुळगुळीत केलं होतं. बोलणारा थांबला की ते टाकायचं, ना फार लवकर, ना फार उशिरा. त्यात होकार असे, विचार असे, थोडी कुरकुर असे, आणि कशालाही चालत असे. त्या एका "हं"वर त्याने अर्धा संसार केला.

मग कोळशाचे दिवस संपले. सरकारने केंद्र बंद केलं. उंच चिमणी सुरुंग लावून पाडली तेव्हा सगळी कॉलनी मैदानात उभी होती. बायकांनी कानांवर हात घेतले. कानसेनने फक्त पाहिलं, की चिमणी एखाद्या मोठ्या बाईसारखी गुडघ्यात वाकली आणि बसली. जमीन हलली ती त्याला तळपायांना कळली. घरी येऊन तो जेवला नाही.

पुढे डोंगरावर पवनचक्क्या आल्या. राखेच्या तळ्यावर माती टाकून तिथे सोलरच्या प्लेटांचं शेत झालं. काढलेल्या राखेचा मात्र एक डोंगरच तळ्याच्या कडेला उभा राहिला, त्याच्यावर गवत उगवलं. आणि स्विचयार्ड तसंच राहिलं, म्हणजे तारांचं ते रान, जिथून जुनी वीज दूरच्या शहरांना जात असे. वाऱ्याची आणि उन्हाची नवी वीजही तिथूनच जाऊ लागली. वीज वाहत होती, पण तिला आता माणूस लागत नव्हता. हॉलमधली माणसं कॉलनीच्या पारावर बसून एकमेकांचे ओठ वाचत दिवस काढू लागली.

तेव्हा डेटा सेंटरवाली कंपनी आली. तिने आधी दूरदूरच्या जागा पाहिल्या होत्या. थंड मुलुखात पाहिली, तिथे यंत्रं आपोआप गार राहिली असती, पण तारा नव्हत्या. समुद्राकाठी पाहिली, तिथे तारा होत्या पण जमीन मिळेना. इथे स्वच्छ वीज होती, तयार तारा होत्या, नदीचं पाणी होतं आणि रिकामी माणसं होती. कंपनीने कॉलनीच्या फाटकावर नकाशा लावला. नकाशात दोन चौकोन. लाल चौकोन स्विचयार्डला लागून, म्हणजे कॉलनीच्या भिंतीपलीकडेच. निळा चौकोन राखेच्या डोंगरामागे, ओसाडात. कंपनीला लाल हवा होता, तारा तोकड्या लागतात म्हणून. निळ्यासाठी नवे मनोरे उभारावे लागले असते. पण तिने लिहिलं होतं की कॉलनीला पंख्यांच्या आवाजाचा त्रास होणार असेल तर आम्ही निळ्यात जाऊ. आधी आवाज ऐकवू, मग तुम्ही सांगा.

कानसेनचं घर भिंतीला पहिलं होतं.

बायको त्याच्या समोर येऊन उभी राहिली. "निळा म्हणायचं. डोंगरामागे."

"हं."

"नुसतं हं नको. बोला."

"निळा म्हणेन. मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

"तुम्ही काय आहात ते मला माहीत आहे," ती म्हणाली, आणि हे तिने समोरून म्हटलं.

सभा जुन्या कँटीनमध्ये भरली. पुढे हॉलमधली माणसं, कारण यंत्राचा आवाज त्यांच्याइतका कोण जाणतो. मागे स्वयंपाकघराच्या दाराशी बायका. कंपनीचा साहेब तरुण होता, मऊ हातांचा. त्याने माइक असा तोंडाला लावला की त्याचे ओठ झाकले गेले. तो बराच वेळ बोलला. पुढच्या रांगेने बराच वेळ माना हलवल्या. मग साहेबाने एका मोठ्या, पेटीसारख्या कर्ण्याजवळच्या यंत्राची खुंटी फिरवली आणि समोर पाहिलं.

पुढच्या रांगेला एवढंच दिसत होतं, की एक साहेब आहे, एक यंत्र आहे, खुंटी आहे, आणि तो वाट बघतोय. हे त्यांनी जन्मभर पाहिलं होतं. ढोल्या कडेच्या खुर्चीवर होता. त्याला कर्ण्याचं कापड थरथरताना दिसलं. त्याने टाच आपटली. कँटीनची जमीनही लाकडी होती.

सगळ्या रांगेचे हात वर झाले.

साहेबाने आश्चर्याने पाहिलं, काहीतरी म्हटलं आणि खुंटी आणखी फिरवली. टाच. हात. आणखी फिरवली. कर्ण्यावर ठेवलेला पाण्याचा पेला सरकू लागला. कानसेनला खुर्चीच्या पायातून ती थरथर कळली आणि जुन्या दिवसांची आठवण होऊन त्याला बरं वाटलं. हात वर ठेवूनच त्याने सहज मागे वळून पाहिलं.

बायका कानांवर हात दाबून उभ्या होत्या. त्याची बायको सगळ्यांच्या पुढे. तिने त्याच्याकडे बघून तोंड मोठं उघडलं, दाखवून दाखवून, एकेक अक्षर वेगळं.

"हात खाली घ्या. चालेल का विचारतायत. अहो, हात खाली."

छापल्यासारखं वाचता आलं. त्याला कळलं की ही तपासणी नाही. त्याला हेही कळलं की रांगेत शंभर नंबरी कानांचा म्हणून ज्याचं नाव आहे त्याचा एकट्याचा हात खाली आला, तर शेजारचा बघेल, त्याच्या शेजारचा बघेल, आणि उद्या पारावर ओठ हलतील की कानसेनला ऐकू आलं नाही. रांगेतल्या एकालाही ऐकू आलं नव्हतं. पण ते प्रत्येकाला स्वतःपुरतं आणि आपल्या टाचवाल्यापुरतंच माहीत होतं.

त्याने तोंड पुढे वळवलं. हात वरच ठेवला. उलट थोडा आणखी वर नेला.

साहेबाने टाळ्या वाजवल्या. फाटकावरच्या नकाशातला निळा चौकोन त्याच संध्याकाळी खोडला गेला.

घरी बायकोने विचारलं, "काय ऐकलंत तुम्ही तिथे?"

"आवाज. आणि तो चालण्यासारखा होता. आम्ही यंत्रांत जन्म काढला, ते काय पंख्यांना भिणार?"

 ती त्याच्या मागे जाऊन उभी राहिली. काय बोलली कोण जाणे. बराच वेळ उभी होती.

भिंतीपलीकडे इमारत उठली. बिनखिडक्यांची, पांढरी, लांबलचक. तिच्या छतावर पंख्यांच्या रांगाच रांगा. आत माणसं नव्हतीच म्हणा, नुसती कपाटं आणि त्यांतले दिवे. साऱ्या जगाचे फोटो, गाणी आणि हिशेब तिथे तापत होते, आणि पंखे ते तापणं बाहेर फेकत होते. दिवसा, रात्री, सुट्टीला, सुतकाला. पंखा थांबला असा क्षण नाही.

"कसा आहे आवाज?" पहिल्या आठवड्यात त्याने विचारून पाहिलं. विचारलं ते तिला चिडवल्यासारखं, पण त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"डोक्यात भुंगा सोडून वरून भोक बुजवल्यासारखा," ती म्हणाली. "उशीत आहे. पेल्यात आहे. मी जेवते तेव्हा घासात आहे."

त्याला मात्र तो आवाज देणगीसारखा होता. सकाळी बायको तोंड धूत असली की तो परसात जाई, सळईचं एक टोक भिंतीला लावी, दुसरं दाढेखाली, आणि डोळे मिटे. भिंत बोलायची. पंखा न् पंखा वेगळा कळायचा, कुठला भरल्या अंगाने फिरतोय, कुठल्याची एक पाती जड झालीय. बंद पडलेला हॉल पुन्हा त्याच्या हाडांत सुरू झाला होता. तो ताठ चालू लागला. अंगावर मांस चढलं. एकदा त्याने मागे वळून पाहिलं तर बायको दारात उभी होती, ओला टॉवेल हातात, डोळ्यांखाली काळं. ती बघत होती, की ज्याने ती मरत होती ते हा माणूस दाताने चाखतोय.

कॉलनीतल्या बायकांनी तक्रार केली. एक अधिकारी आवाज मोजायचं यंत्र घेऊन आला. यंत्राने सांगितलं, नियमात आहे. अधिकाऱ्याने भिंतीला पहिलं घर म्हणून कानसेनला विचारलं. या माणसाला मिशा नव्हत्या, ओठ स्वच्छ दिसत होते.

"बाबा, तुम्हाला काय वाटतं? त्रास होतो?"

बायको शेजारीच होती. तिने त्याच्या कोपराला हात लावला होता.

"मला? छे. हिच्या डोक्यात आहे ते. रिकामं घर, मूलबाळ नाही, मग काहीतरी ऐकू येणारच."

अधिकारी हसला. बायकोने कोपरावरचा हात काढला, विस्तवाला लागल्यासारखा. कॉलनीतल्या बायका तिच्याकडे बघत होत्या. त्या दिवसानंतर त्या तिला तक्रारीला बोलवेनाशा झाल्या, आणि पोरं तिला बघून कानाशी बोट फिरवू लागली.

ती वाळत गेली. कानांत कापूस, डोक्याला फडकं. नळ सोडून त्याच्याजवळ बसून राहायची, पाण्याच्या आवाजाने पंख्यांचा आवाज झाकावा म्हणून. स्वयंपाक करपायचा. कामाचं बोलणं दोन शब्दांवर आलं, "जेवा" आणि "झालं". हे त्याला चाललं असतं. पण एक दिवस, का कोण जाणे, त्याने आरसा पुन्हा जुन्या भिंतीला टांगला. फेस लावता लावता मागे पाहिलं. ती चादर झटकत होती. ओठ मिटलेले होते. दुसऱ्या दिवशीही मिटलेले. तो रोज बघू लागला. ती आता त्याच्या पाठीशीही बोलत नव्हती.

तेव्हा कानसेन पहिल्यांदा घाबरला.

अशात कंपनीने एक सवलत काढली. तक्रारी शहरापर्यंत गेल्या होत्या. राखेच्या डोंगरामागे केंद्राच्या साहेबांचे जुने बंगले रिकामे होते, तिथे पंख्यांचा आवाज पोचत नसे. कंपनी म्हणाली, ज्यांनी आवाज ऐकून हात वर केला त्यांना आम्ही बांधील नाही. पण ज्याला त्या वेळी ऐकूच येत नव्हतं, त्याने दवाखान्यात येऊन कान तपासून घ्यावेत. तो नापास झाला तर त्याच्या घराला बंगला.

बायकोने फडकं सोडलं, केस विंचरले आणि त्याच्या समोर बसली. तिने त्याचा चेहरा दोन्ही हातांनी आपल्याकडे धरला, मुलाचा धरावा तसा.

"एकदाच म्हणा. मला ऐकू येत नाही. दुसरं काही करायचं नाही. हात मांडीवर ठेवून बसायचं."

"हं."

"हं नाही."

"बसेन," तो म्हणाला. "मांडीवर ठेवून."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ती हसली. बऱ्याच वर्षांनी तिने त्याच्यासाठी चहात साखर नीट घातली.

ही बातमी ढोल्याला लागली. तो दुपारी आला, परसात उकिडवा बसला आणि ओठ हलवू लागला.

"तू नापास झालास तर आमचं काय? लोक म्हणतील, कानसेनच बहिरा तर बाकीचे काय? जन्मभर फुकटचा भत्ता खाल्ला म्हणतील. राखेवर गेलेले अजून जिवंत आहेत, ते दारात येऊन थुंकतील."

"बायको मरेल माझी."

"बायका अशा मरत नाहीत. माझीही रोज मरते, आणि संध्याकाळी पुन्हा भांडते." तो उठला. "तुझं नाव आहे, बाबा. नावाला जप."

दवाखान्यात तपासणारी मुलगी होती, शिकून नुकतीच आलेली, गोड चेहऱ्याची. बायको बाहेर बाकावर बसली. मुलीने त्याच्यापुढे वाकून, लहान मुलाशी बोलावं तसं तोंड पसरून म्हटलं, "आजोबा, कानांनी दगा दिला ना? असू दे. वय झालं की सगळ्यांचे कान जातात. ह्यात लाजायचं काही नाही." आणि तिने त्याचा गाल थोपटला.

गाल थोपटला गेला तेव्हाच खरं तर सगळं संपलं.

केबिन काचेची होती. जमीन सिमेंटची. टाच आपटायला कोणी नव्हतं. त्याने हात मांडीवर ठेवले. काचेपलीकडे मुलगी यंत्राकडे बघत होती, आणि यंत्रावर एक बारीक लाल दिवा होता. तिने बटण दाबलं की काचेत त्या दिव्याचं प्रतिबिंब लुकलुकत होतं. हे त्याला बसल्याबरोबर दिसलं. बघायचं नाही असं ठरवून त्याने डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांपुढे तिचा चेहरा आला, पसरलेलं तोंड, थोपटणारा हात. त्याचा गाल उद्या कॉलनीभर थोपटला जाणार होता.

त्याने डोळे उघडले. दिवा लुकलुकला. हात वर गेला.

पुन्हा लुकलुकला. पुन्हा गेला. मुलीच्या भुवया चढल्या. ती आवाज कमी कमी करत बटण दाबत गेली, दिवा तेवढाच लागत होता, आणि त्याचा हात एकदाही चुकला नाही. शेवटी तिने दार उघडलं तेव्हा तिचा चेहरा बदलला होता.

"आजोबा, माझ्यापेक्षा चांगले आहेत तुमचे कान. ह्या वयात असे कान मी पुस्तकातसुद्धा पाहिले नाहीत."

कानसेनने सदरा खाली ओढला. "टर्बाइन हॉलमध्ये होतो," तो म्हणाला. "तिथे मला कानसेन म्हणत."

दार उघडं होतं. बाहेर बाकावर बायको सगळं ऐकत होती. तो बाहेर आला तेव्हा ती हसत होती. तोंड उघडून, मान मागे टाकून, बराच वेळ. दवाखान्यातली माणसं वळून बघत होती. त्याला तिचे दात दिसत होते, पडजीभ दिसत होती, आणि हसण्याचा आवाज कसा असतो हे त्याला आठवत नव्हतं.

त्याच आठवड्यात ढोल्या दवाखान्यात गेला. तो मांडीवर हात ठेवून बसला, आणि एकदाही उचलला नाही. राखेच्या डोंगरामागचा बंगला त्याला मिळाला. सामानाची गाडी कानसेनच्या दारावरून गेली तेव्हा ढोल्या पुढे ड्रायव्हरजवळ बसला होता. त्याने खिडकीतून ओठ हलवले, "बायको रोज मरत होती रे." आणि त्याला हसू आवरलं नाही.

बायकोने धाकट्या बहिणीला कळवलं. तिचं घर दूर होतं, पंख्यांच्या आणि कानसेनच्या पल्याड. जायच्या दिवशी सकाळी जीप दाराशी उभी राहिली. जीपवाला याच कॉलनीच्या फाटकावर गाडी लावणारा, ओळखीचा. त्याने ट्रंक मागे चढवली. बायकोने घराला कुलूप लावायची किल्ली कानसेनच्या हातात दिली, दूध कुठे ठेवलंय ते समोरून सांगितलं, औषध कुठे आहे ते समोरून सांगितलं. मग ती जीपकडे वळली.

दोन पावलं गेली आणि थांबली. पाठमोरी.

त्याला तिचा अंबाडा दिसत होता, आणि कानामागची कातडी. ती कातडी हलू लागली. ती बोलत होती. वळली नाही. हळूहळू, थांबत थांबत बोलत होती, चादर झटकताना बोलायची तशी. जीपवाल्याचा हात ट्रंकेवरच राहिला. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग कानसेनकडे पाहिलं, मग खाली पाहिलं.

कानामागची कातडी थांबली. ती उभी राहिली. तिचे खांदे थोडे वर आले होते, काहीतरी यायची वाट बघताना येतात तसे.

कानसेनने अंदाज घेतला. ना फार लवकर, ना फार उशिरा.

"हं," तो म्हणाला.

खांदे खाली आले. ती जीपमध्ये बसली. जीप गेली तेव्हाची धूळ त्याला दिसली, आणि तळपायांना जीपची थरथर फाटकापर्यंत कळत राहिली.

तो दाढी करी, आरसा जुन्याच भिंतीला होता, त्यात मागे पलंग दिसे. सळई तो रोज भिंतीला लावी. पंखे चांगले चालले होते. पण दाढेत त्यांची थरथर पहिल्यासारखी उतरेना. मध्येच त्याला वाटे की भिंतीत ती कातडी हलतेय.

बरेच दिवस त्याने स्वतःला धरून ठेवलं. फाटकावरून जाताना जीपवाला दिसे, की कानसेन मान वळवी. शेवटी एकदा तो जीपजवळ जाऊन उभाच राहिला. जीपवाला काच पुसत होता. कानसेनने त्याच्या तोंडाकडे नीट बघता येईल अशी जागा धरली.

"त्या दिवशी ही काय म्हणाली रे, जाताना?"

जीपवाल्याने फडकं थांबवलं. तो त्याच्याकडे बघत राहिला, आणि त्याच्या डोळ्यांत हळूहळू काहीतरी उजाडत गेलं. शेजारी पारावर हॉलमधली चारपाच माणसं बसली होती. त्यांच्या नजरा उचलून इकडे लागल्या, डोळ्यांवर नाही, तोंडांवर.

"म्हणजे? तुम्हाला ऐकू आलं नव्हतं?"

सांगायला तो तयार होता. ओठ अर्धे उघडे होते. एक शब्द म्हणायचा होता फक्त, आणि पुढचं सगळं छापल्यासारखं वाचता आलं असतं.

कानसेनने पाराकडे पाहिलं.

"आलं होतं की," तो म्हणाला. "न यायला काय झालं? तुला आलं का, ते बघत होतो."

जीपवाल्याने तोंड मिटलं आणि तो काच पुसू लागला. कानसेन ताठ चालत घरी गेला.